श्रम, व्यायाम आणि संगत : कोल्हापूरच्या कामगाराच्या निमित्ताने

रुग्णपत्रिकेच्या शेवटी 'व्यायाम करावा' असे दोन शब्द लिहिल्यावाचून आपल्यापैकी क्वचितच कोणी वैद्य लेखणी खाली ठेवतो. स्थौल्य असो, प्रमेह असो, मलावष्टंभ असो वा निद्रानाश, हे दोन शब्द ठरलेले. औषध देताना मात्रा, काल, अनुपान, सात्म्य यांचा आपण काटेकोर विचार करतो. व्यायाम मात्र आपण किराणा मालाच्या यादीतील मिठासारखा लिहितो. तो किती, केव्हा आणि मुख्य म्हणजे कोणाबरोबर करावयाचा, हे विचारावयाचे राहून जाते. त्यातून समोरचा रुग्ण शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत ओतकामावर उभा राहणारा कामगार असेल, तर तो आपल्याकडे पाहून हसतो. "डॉक्टर, दिवसभर व्यायामच चाललाय की आमचा!" हे उत्तर कोल्हापुरातील प्रत्येक वैद्याने कधी ना कधी ऐकलेले आहे.

हे उत्तर हसण्यावारी नेऊ नये. त्याचा प्रतिवाद शास्त्राधारे करता आला पाहिजे, आणि तो करू लागले की आपल्याच संहितांतील एक दुर्लक्षित दुवा हाती लागतो. त्या दुव्याकडे वैद्यबंधु-भगिनींचे व औषधालयांच्या मालकांचे लक्ष वेधावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इष्ट चेष्टा

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या, म्हणजे नवेगान्धारणीय अध्यायात व्यायामाचे लक्षण सांगितले आहे. ती शरीराची चेष्टा असावी, ती इष्ट असावी, तिने स्थैर्य यावे, बल वाढावे आणि ती मात्रेने करावी, असा त्याचा आशय. यांतील 'इष्ट' हा शब्द संधीत लपलेला असल्याने विद्यार्थिदशेत आपण पाठांतराच्या ओघात त्यावरून पुढे निघून जातो. टीकाकारांनी मात्र तो नेमका पकडला आहे. इष्ट म्हणजे मनाला हवीशी, स्वतः निवडलेली. सुश्रुताचार्यांची व्याख्या याहून व्यापक आहे. शरीराला आयास देणारे कर्म तो व्यायाम, असे ते म्हणतात. त्या व्याख्येने मार्केट यार्डातील गुळाच्या रव्यांची हमालीही व्यायामच ठरेल. कामगार रुग्णाच्या चिकित्सेसाठी चरकांचे लक्षण अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

या लक्षणाने फौंड्रीतील कामाची परीक्षा करावी. वाळूचे साचे भरणे, वितळलेला रस ओतणे, थंड झालेल्या ओतीवाचे फेटलिंग करणे ही कामे शरीराच्या चेष्टा खऱ्याच. परंतु त्या इष्ट आहेत असे म्हणवत नाही, कारण त्या पोटासाठी आहेत. त्यांना मात्रा नाही. सुश्रुतांनी बलार्धाचे लक्षण सांगितले आहे: हृदयस्थ वायू मुखावाटे बाहेर पडू लागला, कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम दिसू लागला, तोंडाला कोरड पडली, की थांबावे. भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसाला ही सर्व लक्षणे पहिल्या तासातच दिसतात, पण कपाळावर घाम आला म्हणून ओतकाम थांबत नाही. पुढचे सात तास तो अर्धशक्तीच्या पलीकडेच असतो. मग तृष्णा, क्षय, प्रतमक श्वास, रक्तपित्त, श्रम, क्लम, कास, ज्वर, छर्दि ही अतिव्यायामाची उपद्रवमालिका जी आपण पाठ केलेली असते, ती परीक्षेतील प्रश्नासाठी होती की रुग्णासाठी, याचा विचार करावा लागतो. हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा या संदर्भात संहितांनी दिली आहे. सिंह दुर्बळ नसतो, हे त्या उपमेतील मर्म आहे. बलवान मनुष्यही मात्रेविना नष्ट होतो.

आधुनिक संशोधनही फेरफटका मारून याच ठिकाणी आले आहे, आणि तो फेरफटका मनोरंजक आहे. १९५३ मध्ये जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतील बसचालक व वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दुमजली बसचे जिने दिवसभर चढणाऱ्या वाहकांत हृदयरोगाचे प्रमाण बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा कमी आढळले. यावरून कामातील श्रम हृदयाचे रक्षण करतात, असा समज रूढ झाला. स्वतः मॉरिस मात्र पुढे फावल्या वेळेतील व्यायामाकडे वळले. २०१८ मध्ये सतरा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे १ लाख ९३ हजार व्यक्तींची माहिती होती. कामात अधिक शारीरिक श्रम करणाऱ्या पुरुषांत अकालमृत्यूची शक्यता कमी श्रमाच्या कामांतील पुरुषांपेक्षा सुमारे १८ टक्के अधिक दिसली. स्त्रियांत तसे आढळले नाही. २०२१ मध्ये कोपनहेगन येथील एक लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीत फावल्या वेळेतील हालचाल जितकी अधिक तितके हृदयविकाराचे प्रमाण कमी, आणि कामातील श्रम जितके अधिक तितके ते जास्त, असे दोन उलट दिशांचे निष्कर्ष एकाच समूहातून निघाले. संशोधकांनी याला विरोधाभास म्हटले. त्याची जी संभाव्य कारणे त्यांनी मांडली ती अशी: कामातील श्रम बल वाढविण्याइतके तीव्र नसतात पण फार वेळ चालतात; दिवसभर हृदयगती व रक्तदाब चढे राहतात; विश्रांती अपुरी मिळते; आणि कामाची गती कामगाराच्या हाती नसते. शेवटचे कारण वाचल्यावर 'इष्ट' आणि 'मात्रा' हे दोन शब्द आठवल्याशिवाय राहत नाहीत. आपल्याकडे हा विरोधाभास नव्हताच. श्रम आणि व्यायाम ही दोन निराळी पदे होती.

अग्र्यसंग्रहात स्थैर्य देणाऱ्यांत व्यायामाला अग्रस्थान आहे आणि श्रम हरण करणाऱ्यांत स्नानाला. म्हणजे व्यायाम करून मिळवावयाचा, श्रम घालवावयाचा. कामगाराला आपण दोन्ही सांगावे लागते, आणि क्रमही सांगावा लागतो: आधी श्रमहरण, मग व्यायाम.

दह्याच्या अलीकडचे श्लोक

आता त्या दुर्लक्षित दुव्याकडे येऊ. ज्या सातव्या अध्यायात व्यायाम आला आहे, त्याच अध्यायाच्या उत्तरार्धात कोणाची संगत टाळावी व कोणाची धरावी, हे चरकांनी विस्ताराने सांगितले आहे. दुष्ट आचरणाचे, चहाड, भांडखोर, मर्मभेदी बोलणारे, लोभी, दुसऱ्याचा उत्कर्ष न साहणारे लोक वर्ज्य. बुद्धी, विद्या, वय, शील, धैर्य यांनी संपन्न, वृद्धांची सेवा केलेले, प्रसन्न, सर्वांशी मित्रभावाने वागणारे लोक सेव्य. त्याच्या लगोलग दह्याचे नियम येतात. रात्री दही खाऊ नये, हे आपण प्रत्येक रुग्णाला आवर्जून बजावतो. त्याच्या अलीकडचे श्लोक मात्र नीतिपाठ म्हणून सोडून देतो. आचार्यांनी वेग, व्यायाम, संगत आणि दही एकाच अध्यायात गुंफले, ते काही पाने भरण्यासाठी खचित नव्हे. अग्र्यसंग्रहातच प्रीणन करणाऱ्यांत हर्ष आणि रोग वाढविणाऱ्यांत विषाद अग्रस्थानी ठेवला आहे, हेही येथे जोडून वाचावे.

पाश्चात्त्य मानसशास्त्रात या विषयाला सामाजिक आधार असे नाव आहे. १९८७ मध्ये अमेरिकेतील सॅलिस व सहकाऱ्यांनी व्यायामाला मिळणारा आधार मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तीत घरच्यांचा आधार आणि मित्रांचा आधार निरनिराळा मोजला आहे, आणि तसे करणे शहाणपणाचे आहे. मित्र बरोबर येतो, पण घरचे कुरकुर करतात. किंवा घरचे पाठवितात, पण सोबतीला कोणी नसते. या दोन रुग्णांना एकच सल्ला चालत नाही. सोबतीला येणे, आपली वेळ जुळवून घेणे, व्यायामासाठी मोकळीक मिळावी म्हणून घरातील काम उचलणे, की उलट गेलेल्या वेळाबद्दल बोलून दाखविणे, अशा साध्या गोष्टींवर ती प्रश्नावली आधारलेली आहे. जपानात १९२८ पासून रेडिओवरील सूचनांनुसार समूहाने व्यायाम करण्याची प्रथा आहे आणि ती तेथील कारखान्यांतही पोहोचली. कोल्हापूरकराला मात्र यातले काहीच नवे वाटू नये, कारण या गावाजवळ तालीम होती.

तालीम

राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात कापड गिरणीचा पाया घातला. त्याच महाराजांच्या आश्रयाने १९१२ मध्ये खासबागचे कुस्ती मैदान उभे राहिले. गावाला कामगार देणारा आणि आखाडा देणारा राजा एकच होता, ही गोष्ट मला केवळ योगायोगाची वाटत नाही. पेठापेठांत तालमी होत्या. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी, काळा इमाम ही नावे कुस्तीच्या इतिहासात गेली. १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे आणि १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर ही याच परंपरेची फळे. परंतु ज्या तालमीतून एकही केसरी निघाला नाही, तिचेही काम चालूच होते. पैलवान घडविणे हे तालमीचे दृश्य कार्य. पेठेतल्या साध्या कष्टकऱ्याला रोज तासभर एकत्र आणणे हे अदृश्य.

वैद्याच्या दृष्टीने तालमीची रचना पाहण्यासारखी आहे. हौद्यातील माती एकट्याने खणता येत नाही, म्हणून आल्याबरोबर पाच-दहा जणांनी मिळून ती उकरावयाची. त्या लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घातलेले असते. जोर-बैठका रांगेने, म्हणजे शेजाऱ्याच्या श्वासाबरोबर आपला श्वास चालतो आणि कोण दमला हे वस्तादाला लांबून दिसते. नवशिक्याला पहिल्या दिवशी शंभर जोर कोणी मारू देत नाही. हा चरकांचा क्रमाक्रमाने वाढविण्याचा नियमच झाला. कुस्तीला तर जोड लागतेच. जोड नसेल तर व्यायाम होत नाही आणि आपण गेलो नाही तर जोडीदाराचा दिवस फुकट जातो, ही लाज माणसाला पहाटे अंथरुणातून बाहेर काढते. मेहनतीनंतर एकमेकांचे अंग रगडून देणे म्हणजे संवाहन. पुढे गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध. व्यायाम, मर्दन, स्नान, आहार हा संहितेतील क्रम येथे कोणी पुस्तक न उघडता पाळत होते.

आधाराचे जे प्रकार तज्ज्ञ सांगतात, म्हणजे भावनिक आधार, प्रत्यक्ष मदत, जाणकाराचा सल्ला आणि नुसती सोबत, ते चारही तालमीत एका छपराखाली होते. पेठेचा अभिमान हा भावनिक आधार, खुराकाला लागलेला हातभार ही मदत, वस्ताद हा सल्ला, जोडीदार ही सोबत. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावे म्हणून राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही कथा कोल्हापुरात मुलांनाही ठाऊक आहे. ऑलिंपिकपदकाला तेवढा आधार लागला. फौंड्रीतल्या कामगाराच्या रक्तदाबाला घर गहाण टाकावे लागत नाही. संध्याकाळी दारात येऊन हाक मारणारे कोणीतरी लागते.

तालमीचे गुणगान करताना एक बाजू झाकू नये. ज्या संगतीने माणूस हौद्यात उतरतो, त्याच संगतीने तो माव्याची पुडी सोडतो आणि बाटलीही उघडतो. काही ठिकाणी हौदा बुजला, कॅरमचा बोर्ड आला, आणि मंडळ वर्षातून दोन वेळा मिरवणुकीपुरते जागे होऊ लागले. फुटबॉलने तालमींना नवे आयुष्य दिले हे खरे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, संध्यामठ अशा तालमींच्या नावाचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा गाव लोटते. पण अकरा जण धावतात आणि हजारो जण ओरडतात, हेही पाहिले पाहिजे. सामना पाहून आलेला चाळिशीचा गृहस्थ 'आमचं फुटबॉल चालूच असतं' असे सांगतो, तेव्हा त्याने शेवटचा चेंडू कधी लाथाडला हे विचारणे वैद्याचे कर्तव्य आहे. वर्ज्य आणि सेव्य अशी दोन्ही संगत चरकांनी का सांगितली, ते अशा वेळी उमगते.

हाक मारणारे कोणी नाही

शाहू मिल २००३ मध्ये बंद पडली. भोंग्याच्या वेळेला बांधलेली पेठेतील दिनचर्या त्याआधीच विसकटू लागली होती. आजचा कामगार करवीर, पन्हाळा, कागल, हातकणंगले तालुक्यांतील गावांतून दुचाकीवर औद्योगिक वसाहतीत येतो. पाळी दर आठवड्याला बदलते. गावच्या तालमीची वेळ पहाटेची, आणि हा रात्रपाळी करून तेव्हा नुकता घरी टेकलेला. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर तर बारा-बारा तासांच्या पाळ्या. मागांच्या खडखडाटात शेजाऱ्याशी बोलणेही इशाऱ्यांनी. बाहेर पडल्यावर त्याला माणसांची सोबत नको, शांतता हवी असते. हे लक्षात न घेता 'मित्रांबरोबर फिरायला जा' असे सांगितले तर ते फुकट जाते.

यांहूनही एकटा वर्ग म्हणजे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेले तरुण. फौंड्रीतील अवघड कामे आज बव्हंशी त्यांच्या अंगावर आहेत. एका खोलीत सहा-सात जण राहतात, म्हणून ते एकटे नाहीत असे वरवर वाटते. परंतु पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे एक उठतो तेव्हा दुसरा झोपतो. मोबाइल हीच करमणूक. अग्निमांद्य, पाठदुखी, झोप न लागणे या तक्रारी घेऊन ते येतात आणि दोन दिवसांची गोळी मागतात. यांच्यापैकी कित्येकांच्या गावी आखाडे आहेत, हे एकदा विचारून पाहावे. रुग्णाचा चेहराच बदलतो. कोल्हापुरात आखाडा कोठे आहे आणि तेथे परगावच्या माणसाला प्रवेश मिळतो का, हे सांगणारे त्याला आजवर कोणी भेटलेले नसते.

स्त्रिया

स्त्रियांचा प्रश्न निराळा आणि अधिक बिकट आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आकडेवारीनुसार २०२२ साली जगातील सुमारे ३१ टक्के प्रौढ पुरेशी हालचाल करीत नव्हते. भारतात हे प्रमाण जवळजवळ निम्मे, आणि त्यातही पुरुषांत ४२ तर स्त्रियांत ५७ टक्के. हुपरीत चांदीच्या साखळ्यांची कडी जुळवीत मान खाली घालून बसलेली स्त्री, आजरा-चंदगडकडे काजू सोलणारी स्त्री, यांना तालमीचे दार परंपरेने बंदच होते. अलीकडे मुली कुस्ती व फुटबॉल खेळू लागल्या हे स्वागतार्ह आहे, पण चाळिशीच्या कामगार स्त्रीला त्याचा उपयोग नाही. कारखान्यातून परतली की तिची दुसरी पाळी चुलीपाशी सुरू होते.

तरीही एक परंपरा तिची स्वतःची आहे. पंचमीपासून गौरीपर्यंत कोल्हापूर जिल्ह्यात झिम्मा-फुगडी रंगते. फुगडी, पिंगा, काटवट कणा, घागर घुमविणे, सूप नाचविणे हे खेळ ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना सांगावयास नको की यांत श्वास मुखावाटे येण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. कंबर, गुडघे, खांदे, तोल सर्वांची परीक्षा होते. आणि फुगडी एकटीला घालताच येत नाही! चेष्टा इष्ट आहे, हर्ष आहे, जोड आहे. उणीव एवढीच की हे सारे वर्षातून काही रात्रींपुरते आहे. भिशीच्या निमित्ताने महिन्याला जमणाऱ्या दहा-बारा जणींनी आठवड्यातून दोनदा अर्धा तास फेर धरला, तर त्यासाठी पोशाख, वर्गणी वा यंत्र काही लागत नाही. ज्या रुग्णा 'चालायला जायला लाज वाटते' म्हणतात, त्यांना हा मार्ग अधिक रुचतो. गर्भाशयभ्रंश, तीव्र संधिगत वात, भ्रम असलेल्या स्त्रियांना मात्र फुगडी वर्ज्य. त्यांना टाळ्यांचा संथ फेर पुरे.

चिकित्सालयात

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचे बल वाढविणारा व्यायाम सुचविला आहे. ही मात्रा ध्यानात ठेवावी, पण कामगाराला ती पहिल्याच दिवशी सांगू नये. आधी काही प्रश्न विचारावेत. काम उभ्याने आहे की बसून, उष्णतेत की सावलीत? पाळी कोणती? घरी पोचल्यावर पहिला अर्धा तास काय करता? व्यायामाला निघालात तर घरात कोण काय म्हणेल? आणि शेवटी, हाक मारली तर येईल असे एक नाव सांगा. या शेवटच्या प्रश्नावर रुग्ण जितका वेळ गप्प राहतो, त्यावरून निदानाला मदत होते. नाव मिळाले तर ते रुग्णपत्रिकेवर लिहावे. पुढच्या भेटीत 'व्यायाम केलात का' याऐवजी त्या नावाची चौकशी करावी. शक्य असेल तर त्या व्यक्तीलाच बरोबर बोलवावे.

भट्टीजवळ काम करणाऱ्याला धावण्यास सांगणे मला युक्त वाटत नाही. त्याचे पित्त व वात आधीच प्रकुपित असतात, आणि वातपित्ताच्या रुग्णाला वाग्भटांनी व्यायाम वर्ज्यच सांगितला आहे. कामानंतर पाणी, विश्रांती, अभ्यंग व स्नान. प्रकृती सावरल्यावर संध्याकाळचे सावकाश चंक्रमण किंवा पोहणे. देहाला पीडा न देणाऱ्या चंक्रमणाचा सुश्रुतांनी गौरव केला आहे, आणि त्यासाठी रंकाळ्यासारखी जागा गावात असणे हे भाग्यच. बसून काम करणाऱ्याला उलट अर्धशक्तीपर्यंत नेले पाहिजे. रात्रपाळीवाल्याने जितके जागरण झाले त्याच्या निम्मा वेळ सकाळी न जेवता झोपावे, हा वाग्भटांचा नियम सांगावा, व्यायाम उठल्यानंतर. ग्रीष्म व वर्षा ऋतूंत मात्रा कमी, हे कामगाराला दुप्पट लागू. चाळिशीच्या पुढील, तंबाखू खाणाऱ्या, छातीत दाटणाऱ्या वा चढावर धाप लागणाऱ्या रुग्णाचा रक्तदाब मोजावा व हृदयाचा आलेख काढून घेतल्याशिवाय व्यायाम सांगू नये. मधुमेहाची आधुनिक औषधे घेणाऱ्याला रिकाम्या पोटी व्यायाम करू देऊ नये.

महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचे काम १९५३ च्या कायद्यापासून सुरू आहे. त्याच्या केंद्रांतून कामगारांच्या कबड्डी स्पर्धा होतात, हे कित्येक वैद्यांना आणि त्याहून अधिक कामगारांना ठाऊक नसते. आपल्या विभागातील केंद्र, चालू असलेली तालीम, सकाळी फिरणारे गट, महिलांचे मंडळ यांची नावे व वेळा चिकित्सालयात एका वहीत उतरवून ठेवणे हे एका दुपारचे काम आहे.

औषधालयाच्या मालकांस

औषधालयांच्या मालकांना या विषयाशी आपला संबंध केवळ तेलाच्या बाटलीपुरता वाटेल. तो संबंधही लहान नाही. महानारायण वा सहचर तेल विकताना पाठीला ते लावणार कोण, हे विचारावे. एकट्या राहणाऱ्या कामगाराच्या हाताला स्वतःची पाठ लागत नाही आणि बाटली तशीच पडून राहते. एका खोलीतील दोघांनी मिळून एक बाटली नेली तर विक्री निम्मी होईल, पण गुण दुप्पट येईल.

दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे. गल्ल्यासमोर सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत उभा असणारा, पुड्या बांधणारा, काढ्यांची खोकी वर-खाली करणारा मुलगा हाही कामगारच. निर्मितीशाळेत खलापाशी, वटी यंत्रापाशी, अवलेहाच्या कढईपाशी काम करणाऱ्या स्त्रिया व पुरुष हेही. त्यांच्या पायांवरील शिरा, टाचदुखी, खांद्यातील ग्रह यांवर आपण त्यांना घाऊक दराने औषध देतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यांना सातला मोकळे करता येईल का, आणि ते एकत्र जातील अशा रीतीने पाळी लावता येईल का, याचा हिशेब मालकांनी एकदा करून पाहावा. दोघांना वेगवेगळ्या दिवशी सुट्टी दिली तर दुकान चालते, पण जोड तुटते.

हेमंत ऋतूपासून बल वाढते आणि व्यायामाला काळ अनुकूल होतो. फुटबॉलचा हंगाम आणि तालमीतील गर्दीही साधारण त्याच सुमारास वाढू लागते. ज्या रुग्णांची नावे तोवर वहीत आली असतील, त्यांना दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात बोलवावे, पहिला पंधरवडा केवळ चालणे व अभ्यंग ठेवावा, आणि वजन व रक्तदाबाच्या नोंदीशेजारी एक रकाना जोडीदाराच्या नावासाठी मोकळा ठेवावा.